तारा फुटायच्या आधी इशारा देतो का? (२००९आयपी आणि मंडळी)

चांदणचकवा

मंडळी, एक प्रश्न डोक्यात घोळतोय, गुगल करून गोंधळ अजूनच वाढला म्हणून इथे टाकतोय. २०२०च्या सुरुवातीला मृगातला तो तांबडा तारा, आर्द्रा, म्हणजे बीटलज्यूस, मंद झाला होता आठवतंय का? घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर धडाधड फॉरवर्ड येत होते की आता फुटणार, दिवसा दिसणार, आमच्या एका मामांनी तर थेट पंचांग काढलं. फुटला बिटला काही नाही, उन्हाळा लागेपर्यंत गडी पुन्हा होता तसा.

तेव्हापासून माझं मत झालं होतं की तारा फुटायच्या आधी बाहेरून काही कळतच नसणार. कॉलेजात वाचलेलं पण तसंच, गाभ्यात लोखंड साचतं, एका सेकंदाच्या आत गाभा कोसळतो आणि धडाम. पण परवा २००९आयपी नावाच्या सुपरनोव्हाबद्दल (म्हणजे ताऱ्याचा शेवटचा महास्फोट) वाचलं आणि चक्रावलो. तो म्हणे २००९ला फुटला, मग ठरलं की फुटलाच नव्हता, आणि २०१२ला परत फुटला. एकच तारा दोनदा कसा मरेल राव? वर त्याच लेखात होतं की काही जड तारे मरायच्या काही वर्षं किंवा काही महिने आधी अंगावरचा माल बाहेर फेकतात. तर हे उद्रेक होतात कशामुळे, सगळेच तारे करतात का, आणि असा उद्रेक दिसला की 'आता हा जाणार' असं छातीठोक सांगता येतं का? गणित चालेल, पण कॉमर्सवाल्याला झेपेल इतपतच.

---

खोडदचा_शेजारी

चांगला धागा. २००९आयपीची गोष्ट क्रमाने सांगतो, कारण ती कायम अर्धवट छापून येते.

ऑगस्ट २००९मध्ये चिलीतल्या एका सुपरनोव्हा शोधणाऱ्या टीमला एनजीसी ७२५९ या दीर्घिकेत नवा ठिपका दिसला. अंतर साधारण सात कोटी प्रकाशवर्षं. ठिपका दिसला की आधी नाव मिळतं, चौकशी मागाहून, तसं याला सुपरनोव्हाचं नाव मिळून गेलं. पण तेज मोजलं तर सुपरनोव्हाच्या मानाने फिकं निघालं, सूर्याच्या फक्त तीनेक कोटी पट (फक्त! या क्षेत्रात असंच बोलतात, हसू नका). वर्णपट (प्रकाशाचे रंग वेगळे करून काढलेला पट्टा) बघितला तर हायड्रोजनच्या रेषा अरुंद, म्हणजे वायू सेकंदाला काहीशे किलोमीटरने बाहेर पडतोय, खऱ्या स्फोटात तो दहा हजारांच्या घरात असतो. मग हबल अवकाश दुर्बिणीचे जुने फोटो काढले, १९९९चे, तर त्यात नेमक्या त्याच जागी एक धिप्पाड तारा बसलेला, वजन सूर्याच्या ५० ते ८० पट. म्हणजे तारा जिवंत आहे, नुसता भडकलाय. अशांना सुपरनोव्हा इम्पोस्टर म्हणतात, तोतया. नाव मात्र एकदा चिकटलं ते चिकटलं.

२०१० आणि २०११मध्ये पुन्हा छोटे भडके झाले. जुलै २०१२च्या अखेरीस अजून एक, पण यावेळी वर्णपटात रुंद रेषा आल्या, वेग दहा हजार किमी प्रति सेकंदाच्या आसपास, आणि इथे सगळ्यांचे कान टवकारले. सप्टेंबरमध्ये तो मंद होत चालला होता, लोक म्हणाले चला संपलं, तेवढ्यात महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात काही दिवसांत असा चढला की ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्याच्या शंभर कोटी पटीच्या वर.

यावर जी भांडणं झाली ती आपल्या इथल्या राजकारणाच्या धाग्यांना लाजवतील. एक गट म्हणाला गाभा जुलैतच कोसळला, सप्टेंबरचा उजेड म्हणजे त्या स्फोटाचा माल आधी फेकलेल्या कवचावर जाऊन आदळला. दुसरा म्हणाला कोणी मेलेलं नाही, हा पण भडकाच, फक्त मोठा, एका कवचावर दुसरं कवच आपटलं. ऊर्जेचा हिशोब दोन्हीकडून जुळवता येत होता म्हणून कोणी हटेना. निकाल लागायला दहा वर्षं गेली. तारा मंद होत होत १९९९च्या फोटोत होता त्याच्याही खाली उतरला, हे २०२२मध्ये हबलच्या नव्या फोटोंवरून दाखवलं गेलं. जिवंत असता तर मूळच्या तेजावर येऊन थांबला असता ना. धुळीआड लपलाय असं म्हणायला जागा असते नेहमीच, पण माझ्या लेखी विषय मिटला, तो गेला.

त्यामुळे चांदणचकवा, दोनदा मेला असं नाही. आधी तीन वर्षं भडकत होता, मेला एकदाच, आणि तो नक्की कधी मेला हे ठरवायला आपल्याला एक दशक लागलं.

---

रात्रपाळी

खोडदकर, मस्त लिहिलंत. पण 'भडकला म्हणजे जाणार' असं धरून कोणी चालू नये म्हणून दुसरी बाजू मांडते.

ईटा करिनी. आपल्यापासून ७५०० प्रकाशवर्षं, म्हणजे आपल्याच आकाशगंगेतला. डिसेंबर १८३७मध्ये जॉन हर्शेल दक्षिण आफ्रिकेत केपला दुर्बीण लावून बसला होता, त्याला रोज बघितलेला हा तारा एकदम चढलेला दिसला आणि तो चाटच पडला. तिथून पुढे वर-खाली करत १८४३मध्ये हा इतका तेजस्वी झाला की अगस्त्यालाही मागे टाकलं, सगळ्या आकाशात व्याधानंतर दुसरा नंबर. हे नाटक वीसेक वर्षं चाललं. त्यात त्याने किमान १० सूर्य होतील इतका माल बाहेर फेकला, किमान म्हणतेय, बरेच अंदाज याच्या वर जातात. मग त्याच मालाची धूळ झाली, तारा तिच्याआड गेला आणि नुसत्या डोळ्यांना दिसेनासाच झाला. हबलच्या फोटोत डंबेलसारखे दोन फुगे दिसतात ना, होमन्क्युलस नाव आहे त्याला, ते म्हणजे हा १८४०च्या दशकातला माल, आजही सेकंदाला ६५० किमीच्या आसपास वेगाने पसरतोय.

आता मुद्दा. २००९आयपीचा भडका आणि ईटा करिनीचा भडका लांबून साधारण सारखेच दिसले असते. एक तीन वर्षांत गेला, दुसरा पावणेदोनशे वर्षं झाली तरी आहे तिथेच आहे. त्याला एक जोडीदार पण आहे, साडेपाच वर्षांत एक फेरी मारतो, दर फेरीला जवळ आला की एक्स-रे चढतात आणि मग धाडकन पडतात, इतकं नियमित की तारीख आधी सांगता येते. आणि अलीकडे बऱ्याच लोकांना वाटतं की तो १८४०चा उद्रेक म्हणजे मरणाची तयारी नव्हतीच, मुळात तिथे तीन तारे होते आणि दोन एकमेकांत विरघळले. प्रतिध्वनी सापडलेत त्या प्रकाशाचे, म्हणजे तेव्हाचा उजेड आजूबाजूच्या धुळीवर आपटून फिरून आता आपल्याकडे पोचतोय, त्याचा वर्णपट काढता येतो! १८४३चा प्रकाश, एकविसाव्या शतकातला कॅमेरा. मला तर हे वाचून अंगावर काटा आला होता.

पी सिग्नी पण बघा. १६००मध्ये हंस तारकासमूहात अचानक उगवल्यासारखा दिसला, नंतर विझला, परत आला, आणि चारशे वर्षं झाली तरी शांत बसलाय. त्यामुळे छातीठोक? अजिबात नाही.

---

चांदणचकवा

बाप रे, दोघांनाही दंडवत. पण मूळ प्रश्न तसाच राहिला, भडकतो का? गाभा आत खोल, कातडी बाहेर कोट्यवधी किलोमीटरवर. आतलं इंधन संपत आलंय हे बाहेरच्याला कळतं कसं? आणि कोणी बघतच नव्हतं तेव्हा भडका झाला असेल तर तो झाला होता हे नंतर कसं कळतं?

---

खोडदचा_शेजारी

हाच खरा प्रश्न आहे, आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वी बहुतेकांनी 'कळत नाही' असंच उत्तर दिलं असतं. का ते आधी बघू.

सूर्याच्या २५ पट वजनाचा तारा घ्या. हायड्रोजन जाळायला त्याला साधारण ७० लाख वर्षं. हीलियम ५ ते ७ लाख वर्षं. कार्बन ६०० वर्षं. निऑन एक वर्ष. ऑक्सिजन सहा महिने. सिलिकॉन एक दिवस. आकडे मॉडेलनुसार हलतात पण उतरंड अशीच. कार्बनपासून पुढे गाभ्यात तयार होणारी बरीचशी ऊर्जा न्यूट्रिनो नावाचे कण घेऊन जातात आणि न्यूट्रिनो वाटेत थांबतच नाहीत, सरळ ताऱ्याच्या बाहेर. म्हणून गाभ्याला टिकून राहायला भराभर जाळावं लागतं. बाहेरच्या थराला याचा पत्ता नाही, कारण आतली उष्णता वर झिरपायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ शिल्लकच नसतो. इथपर्यंत पाठ्यपुस्तक.

२०१२मध्ये एलियट क्वाटर्ट आणि जॉश शियोड यांनी म्हटलं की उष्णता नसेल पोचत, लाटा पोचतील. निऑन-ऑक्सिजन जळताना गाभ्यात भयंकर खळबळ चालू असते, त्या खळबळीची ताकद ताऱ्याच्या पृष्ठभागावरून निघणाऱ्या प्रकाशाच्या कितीतरी पट मोठी. त्यातला अगदी थोडा हिस्सा जरी लाटांच्या रूपात वर गेला आणि बाहेरच्या थरात जिरला, तरी तो थर उचलला जायला पुरे. दुधाचं पातेलं घ्या, खालून गॅस मोठा केलात की वरची साय फुगून काठाबाहेर येते, तिला खाली काय चाललंय ते कळावं लागत नाही. लाल महाराक्षस ताऱ्याचा (म्हातारपणी प्रचंड फुगलेला जड तारा) बाहेरचा थर असाच सैल असतो, गुरुत्वाकर्षणाने जेमतेम धरलेला. आणि निऑन-ऑक्सिजनची वेळ बघा, शेवटचं वर्ष-दीड वर्ष. म्हणजे उद्रेक शेवटी-शेवटीच का, हेही यातून आपोआप येतं. मला ही कल्पना म्हणूनच आवडते. पण पुढच्या मॉडेलमध्ये लाटांची ऊर्जा बऱ्याच वेळा कमी पडते असं निघालं, त्यामुळे प्रकरण मिटलेलं नाही.

५०-१०० सूर्यांचे जे पहिलवान आहेत त्यांची गोष्ट वेगळी. ते मुळातच एडिंग्टन मर्यादेच्या काठावर जगतात, म्हणजे प्रकाशाचा बाहेर ढकलणारा दाब आणि आत ओढणारं गुरुत्व जवळजवळ बरोबरीत (हो, चंद्रशेखरांशी वाद घातला तोच एडिंग्टन). जरा तोल गेला की वरचा थर सुटला. ईटा करिनी या जातीचा. आणि तिसरं कारण रात्रपाळी यांनी सांगितलंच, जोडीदार. जड ताऱ्यांपैकी बहुतेकांना तो असतो आणि म्हातारपणी तारा फुगला की जोडीदार त्याच्या पोटात शिरतो.

आता दुसरा प्रश्न, न बघितलेला भडका. इथे गणित येतं, कॉमर्सवाल्याला झेपेल, नुसती त्रैराशिकं आहेत.

स्फोटाचा माल पळतो सेकंदाला १०,००० किमीने. आधी फेकलेलं कवच समजा १०० किमीने. स्फोट झाला, त्याचा उजेड कवचावर पडला, वर्णपटात अरुंद रेषा दिसायला लागल्या, आणि समजा दहा दिवसांनी त्या गायब झाल्या. म्हणजे स्फोटाच्या मालाने दहा दिवसांत कवच गिळलं. दहा दिवसांत तो गेला ८६४ कोटी किमी, सूर्य ते नेपच्यूनच्या जवळजवळ दुप्पट. कवचाला तेवढंच अंतर जायला शंभरपट वेळ लागला असणार, वेग शंभरावा हिस्सा आहे ना. दहा दिवस गुणिले शंभर, हजार दिवस, पावणेतीन वर्षं. झालं. तारा फुटायच्या पावणेतीन वर्षं आधी माल सुटायला लागला, कोणी बघितलेलं नसलं तरी. रेषा तीन दिवसांत गेल्या तर दहा महिने आधी. म्हणून हल्ली ठिपका दिसला की पहिल्या काही तासांत वर्णपट मिळवायची धडपड असते. २०१३एफएस हा सुपरनोव्हा फुटल्यावर तीनेक तासांत सापडला, सहा तासांनी वर्णपट मिळाला, आणि निघालं काय तर कवच शेवटच्या साधारण वर्षभरातलं. तेही एका साध्यासुध्या जातीच्या ताऱ्याभोवती! उशिरा गेले असते तर रेषा पुसल्या गेल्या असत्या आणि कोणाला पत्ताही लागला नसता.

आणखी जुना इतिहास हवा असेल तर रेडिओ. स्फोटाची धडक-लाट वर्षानुवर्षं आजूबाजूच्या वायूतून जात राहते, जसा वायू दाट-विरळ होतो तसा रेडिओ सिग्नल वर-खाली होतो. आमच्या इकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० तबकड्या टोमॅटोच्या शेतांमध्ये उभ्या आहेत, त्यांनी १९९३जे पासून कितीतरी सुपरनोव्हांचं हे काम केलंय. येणारे-जाणारे मला विचारतात तिथे परग्रहवासी शोधतात का. नाही हो, मेलेल्या ताऱ्यांनी मरायच्या आधी काय काय फेकलं ते मोजतात, त्याने कोणाचं समाधान होत नाही तो भाग वेगळा.

---

दुर्बीणवाला_वांगणी

गणित आवडलं, वाचनखूण साठवली. मी जरा हौशी लोकांची बाजू लावून धरतो कारण या विषयातली पहिली ठोस केस एका हौशी माणसाने मिळवून दिली.

कोइची इतागाकी, जपान, यामागाता. ऑक्टोबर २००४मध्ये यूजीसी ४९०४ नावाच्या दीर्घिकेत त्याला एक फिका ठिपका दिसला, आठवडा-दीड आठवड्यात विझला. तोतया म्हणून नोंद झाली. बरोबर दोन वर्षांनी, ऑक्टोबर २००६, तीच दीर्घिका, तीच जागा, खराखुरा सुपरनोव्हा, २००६जेसी. शोधणाऱ्यांत परत हाच पठ्ठ्या. आधी भडका मग स्फोट हे एकाच जागी प्रत्यक्ष बघितल्याची ही पहिली केस. या सुपरनोव्हात हायड्रोजन जवळजवळ नाही, हीलियमच्या अरुंद रेषा, म्हणजे आधी फेकलेला माल हीलियमचा होता. आपल्या लडाखमधल्या हानलेच्या दोन मीटर दुर्बिणीनेही तो पुष्कळ दिवस बघितला होता.

आणि मग १९ मे २०२३, सप्तर्षींच्या शेपटीजवळची एम१०१ दीर्घिका, तिच्यातला सुपरनोव्हा २०२३आयएक्सएफ. शोधणारा कोण? इतागाकी! शंभराच्या वर सुपरनोव्हा आहेत त्याच्या नावावर, आणि आम्ही इकडे फोकस लावत बसतो. अंतर फक्त दोन कोटी दहा लाख प्रकाशवर्षं. त्या दिवशी वैशाख अमावास्या होती, आकाश काळंकुट्ट मिळायला हवं होतं, पण मे अखेर म्हणजे तुम्हाला माहितीये, घामाने आयपीस धुकटतो आणि पश्चिमेकडून ढग सरकत येतात. पुढच्या आठवड्यात एका रात्री दीडेक तास उघडलं, माझ्या आठ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून एम१०१ म्हणजे नुसता पुसटसा डाग, आहे की नाही अशी शंका यावी, आणि त्या डागाच्या कडेला टाचणीच्या टोकाएवढा लख्ख ठिपका, ११व्या प्रतीच्या आसपास (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा मोठा तितका तारा फिका). अख्खी दीर्घिका दिसत नाही आणि तिच्यातला एक तारा दिसतोय. मी बायकोला उठवून दाखवला, ती म्हणाली छान आहे, आणि झोपली.

या ठिपक्याच्या वर्णपटात साधारण पहिला आठवडाभर अरुंद रेषा होत्या, म्हणजे वर खोडदकरांनी काढलं तसं शेवटच्या काही वर्षांत माल फेकलेला. आपली हानलेची दुर्बीण आणि अॅस्ट्रोसॅट उपग्रह दोन्ही यावर लावले होते. आता मजा ऐका. जुनं फोटोंचं रेकॉर्ड सगळं उपसलं, आकाश रोज स्कॅन करणाऱ्या दुर्बिणींचं, आणि भडका? एकही सापडला नाही. तारा वर्षानुवर्षं धुळीत गुरफटून संथपणे फुगत-आकसत होता, त्याची लय हजारेक दिवसांची, आणि एक दिवस फुटला. म्हणजे माल फेकला पण आवाज न करता. याच्या उलट २०२०टीएलएफ, तोही लाल महाराक्षसच, १०-१२ सूर्यांचा, हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने त्याला फुटायच्या १३० दिवस आधीपासून उजळलेला पकडला होता. दोन्ही एकाच जातीचे, एक गाजावाजा करून गेला, एक गुपचूप.

---

शंकासुर

सगळं छान चाललंय, मी माझ्या नावाला जागतो. या विषयात 'सापडलं सापडलं' फार लवकर होतं असं माझं मत आहे, दोन उदाहरणं.

२००६जीवाय. सप्टेंबर २००६, २४ कोटी प्रकाशवर्षांवर, तेव्हापर्यंतचा सगळ्यात तेजस्वी सुपरनोव्हा म्हणून जगभर बातम्या. स्पष्टीकरण काय दिलं तर ईटा करिनीसारखा राक्षस, शंभरेक सूर्यांचा, गाभा इतका तापला की गॅमा किरणांपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार व्हायला लागल्या, प्रकाशाचा दाब घसरला, तारा आतल्या आत बसला आणि ऑक्सिजन एका झटक्यात पेटून सगळा फुटला. त्या वर्षी सगळीकडे हेच, ईटा करिनी पण असाच जाणार वगैरे. मग २०२०मध्ये एका टीमने त्याच्या वर्षभरानंतरच्या वर्णपटातल्या न ओळखलेल्या रेषा सोडवल्या, तर निघालं लोखंड, ढिगाने. इतकं लोखंड देतो तो टाइप वन-ए, म्हणजे श्वेत बटूचा (मेलेल्या छोट्या ताऱ्याचा उरलेला घट्ट गाभा) स्फोट! त्यांचं म्हणणं, एक श्वेत बटू मोठ्या जोडीदाराच्या पोटात शिरला, जोडीदाराचं आवरण बाहेर फेकलं गेलं, शंभरेक वर्षांत बटू फुटला आणि आवरणावर आदळला. म्हणजे बाहेरून तीच लक्षणं, कवच, टक्कर, झगझगाट, आणि आत भलताच प्राणी.

दुसरं, आयपीटीएफ१४एचएलएस. २०१४मध्ये सापडला, साधा सुपरनोव्हा शंभर दिवसांत आटपतो, हा ६०० दिवस चालला, निदान पाच वेळा वर-खाली झाला. त्यावर कडी म्हणजे अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या १९५४च्या फोटोप्लेटवर त्याच जागी एक भडका दिसतो. परत तेच जोड्यांचं स्पष्टीकरण पुढे आलं, फक्त यावेळी तारा एकदम न फुटता झटके देत राहतो, दोन झटक्यांत काही दिवस ते हजारो वर्षं काहीही अंतर. कल्पना सुंदर आहे, नाकारत नाही. पण या ताऱ्यात हायड्रोजन शेवटपर्यंत शिल्लक दिसतो, इतके झटके खाऊन तो राहिला कसा? कोणाकडे धड उत्तर नाही. पन्नास कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत १९५४चा तो ठिपका याच ताऱ्याचा, की शेजाऱ्याचा? २००६जेसीबद्दलही तेव्हाच काही लोक म्हणत होते की २००४ला भडकला तो जोडीदार असेल, फुटला तो दुसरा.

मी म्हणतो मागे वळून पुरावा शोधला की तो हमखास सापडतो. न फुटलेल्या हजारो भडक्यांचा हिशोब कोण ठेवतं?

---

रात्रपाळी

शंकासुर, २००६जीवायबद्दल तुमच्याशी सहमत, पण हिशोब कोणी ठेवत नाही असं नाही. झेडटीएफ या आकाश सतत स्कॅन करणाऱ्या दुर्बिणीच्या रेकॉर्डवरून २०२१मध्ये मोजणी झालीये. ज्या सुपरनोव्हांत अरुंद रेषा दिसतात, टाइप टू-एन, त्यातल्या साधारण चारातल्या एकाला शेवटच्या तीन महिन्यांत मोठा भडका आलेला असतो, मोठा म्हणजे सूर्याच्या एक कोटी पटीच्या वर. छोटे भडके पकडायची ताकद त्या दुर्बिणीत नाही, त्यामुळे प्रमाण याहून जास्त असू शकतं. पण टू-एन ही जातच मुळात अल्पसंख्य, कोसळणाऱ्या ताऱ्यांत दहा टक्क्यांच्याही आत. म्हणजे जे बहुसंख्य साधे लाल महाराक्षस आहेत त्यांच्याबद्दल तुमची शंका अजून लागू आहे. चिलीतली रुबिन दुर्बीण, ८.४ मीटर, तिचे पहिले फोटो जून २०२५मध्ये आलेत, ती दहा वर्षं दर काही रात्रींनी तेच तेच आकाश टिपणार आहे. फुटलेले आणि न फुटलेले दोन्ही भडके एकाच वहीत येतील.

आणि विचित्रपणा हवाच असेल तर २०२१वायएफजे वाचा, दोनशेवीस कोटी प्रकाशवर्षांवरचा. याने हायड्रोजन फेकला, हीलियम फेकला, कार्बन फेकला, शेवटी फुटला तेव्हा भोवती सिलिकॉन, गंधक आणि आर्गॉनचं कवच होतं. सिलिकॉनचा थर म्हणजे गाभ्याला लागून असलेला जवळजवळ शेवटचा. इतकं सोललं कोणी याला? २०२५मध्ये पेपर आला, कारण अजून कोणी ठामपणे सांगत नाही.

---

चांदणचकवा

सिलिकॉनपर्यंत सोलला?! म्हणजे आतले थर पुस्तकातल्या आकृतीत दाखवतात ते खरंच तसे असतात, कोणी उघडून बघितले. कमाल आहे.

बरं मग आर्द्राचं काय? तो २०२०चा प्रकार पण असाच माल फेकणं होतं का, आणि मामांना काय सांगू? दुसरं, ईटा करिनी आपल्याकडून दिसतो का? मी मूळचा सावंतवाडीचा, गावी जाणं होतं एप्रिल-मेमध्ये.

---

खोडदचा_शेजारी

माल फेकला हे खरं, पण किरकोळ. आर्द्राच्या पृष्ठभागावरून एक मोठा ढेकूळ वायू उडाला, तो ताऱ्यापासून लांब जाऊन थंड झाला, त्याची धूळ झाली आणि ती नेमकी आपल्या आणि ताऱ्याच्या मध्ये आली. साधारण अर्ध्या प्रतीवरून दीडच्या पुढे गेला, म्हणजे एका प्रतीच्या आसपास फरक पडला, डोळ्यांना सहज कळला. पण तो भडका नव्हता, उलट झाकोळ होता. गाभ्यात अजून हीलियम जळतंय असंच बहुतेकांचं मत, म्हणजे लाखभर वर्षं हाताशी आहेत. मधे कोणीतरी तो कार्बनपर्यंत आलाय असा पेपर काढला होता, तो फारसा टिकला नाही. वरच्या यादीत बघा, खरा गोंधळ सुरू होतो निऑन-ऑक्सिजनला. मामांना सांगा पंचांग आत ठेवा.

---

दुर्बीणवाला_वांगणी

ईटा करिनीचं मी सांगतो. पुण्याहून तो जास्तीत जास्त १२ अंश वर येतो, सावंतवाडीहून चौदाच्या आसपास, म्हणजे तुमचं गाव आमच्यापेक्षा बरं. एप्रिलच्या मध्यात रात्री साडेनऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला. दक्षिण क्षितिज मोकळं असलेला एखादा सडा गाठा, झाडं-माड आड येणार नाहीत असा. डावीकडे खाली त्रिशंकूचा क्रॉस उगवून वर येत असेल, त्याच्या उजवीकडे आकाशगंगेच्या पट्ट्यात बायनॉक्युलर फिरवा, एक धूसर चमकता ढग लागेल, तो करिना तेजोमेघ, त्यातच ईटा. चौथ्या प्रतीच्या आसपास आहे सध्या. आंब्याच्या सीझनला क्षितिजाजवळ दमट धुरकट असतं, म्हणून पावसाची एखादी वळवाची सर पडून गेल्यावरची रात्र मिळाली तर सोडू नका.

दुर्बीण नेणार असाल तर आधीच सांगतो, ते हबलचे दोन फुगे शोधू नका. होमन्क्युलस आकाशात जेमतेम १८ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) लांब आहे आणि इतक्या खाली हवा नुसती थरथरत असते. जरा फुगीर, बाकीच्यांपेक्षा नारिंगी असा ठिपका दिसेल, तोच.